जठराम्लाची सूत्रे संप्रेरकांच्या हाती

सकाळी उठल्यावर चहापूर्वी एक लहानशी गोळी घेणे हा शहरांतील अनेक घरांमध्ये नित्यक्रम होऊन बसला आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल अशी तिची नावे असली, तरी बोलीभाषेत ती 'पित्ताची गोळी' किंवा 'अ‍ॅसिडिटीची गोळी' म्हणूनच ओळखली जाते. डॉक्टरांनी ती महिना-दोन महिन्यांसाठी लिहून दिलेली असते. घेणारा मात्र ती वर्षानुवर्षे घेत राहतो. मध्येच कधी बंद करून पाहिली, तर काही दिवसांतच छातीत आणि पोटात अशी जळजळ सुरू होते, की 'आता गोळीवाचून आपले चालायचे नाही' असे मानून पाकीट पुन्हा उघडले जाते.

हा अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र प्रत्येक वेळी खरा नसतो. गोळी थांबवल्यानंतर उसळणारे आम्ल हे मूळच्या आजाराचे लक्षण असू शकते, तसेच ते गोळीमुळेच वाढलेल्या एका संप्रेरकाचे कामही असू शकते. गॅस्ट्रिन हे त्या संप्रेरकाचे नाव. जठरात आम्ल केव्हा पाझरावे, किती पाझरावे आणि केव्हा थांबावे, हे ठरवणाऱ्या संप्रेरकांच्या साखळीतील ती पहिली कडी होय. ही साखळी कशी चालते, हे समजून घेतल्यास आपल्या नित्याच्या गोळीकडेही अधिक जाणतेपणाने पाहता येते.

'पित्त' कोणते?

प्रारंभी शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. 'पित्त झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा आपल्याला जठरातील आम्लाचा त्रास अभिप्रेत असतो. आधुनिक शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. तो आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असतो आणि त्याचे मुख्य काम स्निग्ध पदार्थांचे पचन सुलभ करणे हे आहे. आयुर्वेदातील पित्त ही त्याहून व्यापक संकल्पना असून 'अम्लपित्त' हा शब्द तेथून आपल्या भाषेत रुळला.

अंगावर गांधी उठतात तेव्हाही आपण 'पित्त उठले' असे म्हणतो. या दोन 'पित्तां'चा संबंध केवळ शब्दापुरताच नाही. अंगावरच्या गांधी हिस्टामिन या रसायनामुळे उठतात, आणि जठरातील आम्लाची निर्मितीही फार मोठ्या प्रमाणात हिस्टामिनच्याच आदेशाने होते. फरक आहे तो ग्राहींचा. त्वचेवर हिस्टामिन प्रामुख्याने एच-१ या ग्राहींमार्फत काम करते, तर जठरात एच-२ ग्राहींमार्फत. अंगावरच्या पित्तासाठी घेतलेल्या नेहमीच्या गोळीने पोटातील आम्ल कमी होत नाही, ते याच कारणाने.

आम्ल हवे कशाला?

निरोगी प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस पाझरतो. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे रिकाम्या जठराचा पीएच एक ते दोनच्या आसपास असतो. जठराच्या भित्तिकेतील 'पॅरायटल' पेशी हे आम्ल तयार करतात. या पेशींतील 'प्रोटॉन पंप' हायड्रोजनचे आयन जठराच्या पोकळीत ढकलतात. रक्तातील प्रमाणाच्या दहा लाख पटींहून अधिक तीव्रतेपर्यंत हे आयन साठवले जातात, आणि त्यासाठी पेशीला सतत ऊर्जा खर्चावी लागते.

एवढा खर्च शरीर उगाच करीत नाही. अन्नाबरोबर आलेल्या बहुसंख्य जंतूंचा नाश आम्लामुळे होतो. प्रथिने पचवणारे पेप्सिन हे विकर आम्लातच कार्यक्षम होते. ब-१२ जीवनसत्त्व अन्नातील प्रथिनांपासून सुटे होण्यास आम्ल लागते. वनस्पतिजन्य आहारातील लोह व कॅल्शियमच्या काही क्षारांच्या शोषणासही त्याची मदत होते. तेच आम्ल अन्ननलिकेत वर आले अथवा आतड्याच्या अस्तराला सतत लागत राहिले, तर मात्र दाह आणि व्रण निर्माण होतात. म्हणूनच आम्ल तयार करण्याइतकेच त्यावर नियंत्रण ठेवणेही शरीराला आवश्यक ठरते.

लंडनमधील एक दुपार

हे नियंत्रण कोण करते, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत 'मज्जातंतू' असेच दिले जात होते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांनी श्वानांवरील प्रयोगांतून, अन्न जठरात पोहोचण्याआधीच, केवळ चवीने वा वासाने जठररस पाझरू लागतो, हे दाखवून दिले होते. पचनक्रियेवरील या कार्यासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

तत्पूर्वीच, १६ जानेवारी १९०२ रोजी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी एक वेगळाच प्रयोग केला. भूल दिलेल्या श्वानाच्या लहान आतड्याच्या एका भागाला जोडलेले सर्व मज्जातंतू त्यांनी तोडले आणि त्या भागात सौम्य आम्ल सोडले. मेंदूशी कोणताही संबंध उरला नसतानाही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. त्याअर्थी निरोप रक्तातून जात असला पाहिजे, हे ताडून त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले, ते आम्लात घोटून गाळले आणि तो अर्क शिरेतून टोचला. स्वादुपिंड पुन्हा पाझरू लागले. या अर्कातील द्रव्यास त्यांनी 'सिक्रेटिन' असे नाव दिले. रक्तामार्फत निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांसाठी १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी 'हॉर्मोन' हा शब्द योजला. आज इन्शुलिन, थायरॉइड यांच्यासंदर्भात सर्वतोमुखी असलेला हा शब्द मुळात पोटाच्या अभ्यासातून आलेला आहे.

त्याच वर्षी जॉन एडकिन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने जठराच्या खालच्या टोकाच्या अस्तरातही आम्ल पाझरवणारे द्रव्य असल्याचे मांडले आणि त्यास 'गॅस्ट्रिन' म्हटले. पुढे हिस्टामिनमुळेही आम्ल पाझरते हे सिद्ध झाले, तेव्हा एडकिन्स यांच्या अर्कात हिस्टामिनच असावे, असे मानून गॅस्ट्रिनची कल्पना बाजूला सारली गेली. १९४० मध्ये एडकिन्स यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, १९६४ मध्ये, लिव्हरपूल येथील रॉड्रिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले आणि एडकिन्स यांचे म्हणणे खरे ठरले.

नळ उघडतो कसा?

आज उपलब्ध असलेल्या माहितीनुसार आम्लनिर्मितीचे टप्पे असे आहेत. भूक लागलेली असताना फोडणीचा वास आला, ताट समोर आले, की मेंदूकडून व्हेगस या मज्जातंतूमार्गे जठराला सूचना जाते. जेवणाशी निगडित आम्लापैकी सुमारे ३० टक्के याच टप्प्यात पाझरते, असे मानले जाते. अन्न जठरात उतरले, की जठर ताणले जाते आणि प्रथिनांचे तुकडे, विशेषतः काही अ‍ॅमिनो आम्ले, जठराच्या खालच्या भागातील 'जी' पेशींना चेतवतात. या पेशी रक्तात गॅस्ट्रिन सोडतात. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६० टक्के आम्ल या टप्प्यात तयार होते. उरलेला लहानसा वाटा अन्न आतड्यात गेल्यानंतरचा.

गॅस्ट्रिन रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या वरच्या भागात येते. तेथील 'ईसीएल' नावाच्या पेशी त्याच्या आज्ञेने हिस्टामिन सोडतात, हिस्टामिन शेजारच्या पॅरायटल पेशींच्या एच-२ ग्राहींना चिकटते आणि प्रोटॉन पंप सुरू होतात. थोडक्यात, गॅस्ट्रिन, हिस्टामिन आणि पंप अशी ही तीन पायऱ्यांची साखळी आहे. गॅस्ट्रिनचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे जठराच्या अस्तराची आणि ईसीएल पेशींची वाढ करणे. गोळीच्या संदर्भात या दुसऱ्या कामाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

थंड दुधाच्या घरगुती उपायाची मर्यादाही याच साखळीतून स्पष्ट होते. दूध प्यायल्याबरोबर जठरातील आम्ल काही काळ सौम्य होते आणि बरे वाटते. परंतु दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम आम्लनिर्मितीस चालना देतात. तात्पुरत्या आरामानंतर जळजळ परतते, ती अनेकदा यामुळे. चहा-कॉफी, बिअर आणि वाइन यांनीही आम्लाचे प्रमाण वाढते. कॉफीतील कॅफिन काढून टाकले, तरी तिचा हा गुण पूर्णपणे जात नाही.

नळ बंद कोण करतो?

आम्लाला आवर घालणारे प्रमुख संप्रेरक म्हणजे सोमॅटोस्टॅटिन. मेंदूत वाढीच्या संप्रेरकाला रोखणारे द्रव्य म्हणून त्याचा शोध १९७३ मध्ये लागला; नंतर ते जठरातही आढळले. जेवण पचत आले आणि जठरातील पीएच तीनच्या खाली उतरला, की 'डी' पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात. त्यामुळे गॅस्ट्रिन थांबते, हिस्टामिन थांबते आणि पंप मंदावतात. म्हणजेच आम्लाची मात्रा वाढणे हाच आम्लनिर्मिती थांबवण्याचा संकेत असतो. घरातील पाण्याच्या टाकीत पाणी वर आले की तरंगता गोळा नळ बंद करतो, तशीच ही रचना आहे.

दुसरा आवर लहान आतड्यातून येतो. आम्लयुक्त अन्नरस आतड्याच्या पहिल्या भागात उतरला आणि तेथील पीएच साडेचारच्या खाली गेला, की सिक्रेटिन पाझरते. त्याच्या निरोपावरून स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस सोडते आणि आम्ल निष्प्रभ होते. सिक्रेटिनमुळे जठरातील आम्लनिर्मितीही कमी होते. अन्नात स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतील, तर कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक पाझरते. १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी त्याचे वर्णन केले. पित्ताशयाचे आकुंचन करणे, स्वादुपिंडातील विकरे बाहेर काढणे आणि जठर रिकामे होण्याची गती कमी करणे, ही त्याची कामे. तुपातले, तळलेले जेवण झाल्यावर पोट तासन्‌तास जड राहते, त्यामागे हेच संप्रेरक आहे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांना अशा जेवणानंतरच कळ येते, तीही पित्ताशयाच्या या आकुंचनामुळे.

आतड्याच्या खालच्या भागात जीएलपी-१ हे संप्रेरक तयार होते. ते जठराची गती मंदावते, तृप्तीची जाणीव देते आणि साखर वाढलेली असताना इन्शुलिन वाढवते. शरीरात ते अवघी दोनएक मिनिटे टिकते. त्याची नक्कल करणारी टिकाऊ औषधे २००५ पासून मधुमेहासाठी आणि पुढे वजन घटवण्यासाठीही वापरात आली. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ मध्ये भारतीय बाजारात दाखल झाल्यापासून शहरांत त्यांची चर्चा आहे. मळमळ, पोट भरल्यासारखे वाटणे हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम जठर उशिरा रिकामे होण्याशी निगडित आहेत. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना जठरात अन्न शिल्लक असण्याचा धोका ओळखून अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये याबाबत सूचनाही जारी केल्या. ही औषधे घेणाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना तसे सांगणे अगत्याचे आहे.

पोटात कावळे ओरडतात तेव्हा

जेवण नसतानाही संप्रेरकांचे काम थांबत नाही. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यांकडे आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेसुरले अन्न पुढे ढकलते. मोटिलिन हे संप्रेरक या लाटेचे प्रवर्तक आहे. पोटात कावळे ओरडतात, ते बऱ्याच अंशी याच झाडलोटीचे आवाज. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्याच ग्राहींना चेतवते, म्हणून ते घेतल्यावर अनेकांच्या पोटात मुरडा येतो. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेले घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः जठरातच तयार होते. जेवणाच्या वेळेपूर्वी त्याचे रक्तातील प्रमाण वाढते आणि भूक लागते.

साखळी बिघडते तेव्हा

१९५५ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन या शल्यविशारदांनी काही विलक्षण रुग्णांची नोंद केली. त्यांना पुनःपुन्हा व्रण होत होते आणि स्वादुपिंडात गाठ आढळत होती. ही गाठ अव्याहत गॅस्ट्रिन सोडत असते, हे पुढे सिद्ध झाले. हा आजार दुर्मीळ आहे; पण त्याच्या निदानासाठी १९०२ सालचे सिक्रेटिन आजही उपयोगी पडते. सिक्रेटिन टोचल्यावर या रुग्णांचे गॅस्ट्रिन कमी होण्याऐवजी एकदम वाढते.

याउलट 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जिवाणूचा संसर्ग भारतात मोठ्या प्रमाणावर आढळतो. जठराच्या खालच्या भागात ठाण मांडून तो सोमॅटोस्टॅटिन कमी करतो. आवर सुटल्यामुळे गॅस्ट्रिन वाढते, आम्ल वाढते आणि काही जणांना आतड्याच्या आरंभी व्रण होतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. अशा रुग्णांना नुसत्या आम्लरोधक गोळ्या वर्षानुवर्षे देण्याऐवजी प्रतिजैविकांचा ठरावीक कालावधीचा उपचार पुरेसा ठरतो.

गोळी आणि गॅस्ट्रिन

आम्ल रोखणारी औषधे या साखळीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर काम करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९७६ मध्ये बाजारात आलेल्या सिमेटिडिनने हिस्टामिनची पायरी अडवली. त्याच गटातील रॅनिटिडिन भारतात घरोघरी पोहोचले होते. त्यात एनडीएमए या संभाव्य कर्करोगकारक द्रव्याचे अंश आढळल्यानंतर २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून हटवण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळण्यात आले. १९८८ मध्ये आलेल्या ओमेप्राझोलने शेवटची पायरी, म्हणजे प्रोटॉन पंपच बंद केला. रक्तस्राव करणारे व्रण आणि अन्ननलिकेचा तीव्र दाह यांच्या उपचारांत या औषधाने क्रांती घडवली, याबद्दल दुमत नाही.

तथापि, पंप बंद झाला तरी वरच्या दोन पायऱ्या चालूच राहतात. जठरात आम्ल नाही, म्हणून सोमॅटोस्टॅटिनला संकेत मिळत नाही. आवर नाही, म्हणून गॅस्ट्रिन वाढत जाते, साधारणतः दोन ते चार पट. हे वाढलेले गॅस्ट्रिन आठवड्यामागून आठवडे ईसीएल पेशींना वाढवीत राहते. गोळी चालू आहे तोवर याचा काही त्रास जाणवत नाही. ती एकाएकी बंद केली, की वाढलेल्या पेशी, वाढलेले हिस्टामिन आणि मोकळे झालेले पंप यांची गाठ पडते आणि पूर्वीपेक्षाही अधिक आम्ल पाझरते.

हे केवळ अनुमान नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात आम्लाचा कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींना दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे औषधविरहित गोळी देण्यात आली. दुसऱ्यास बाराही आठवडे औषधविरहित गोळी. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के व्यक्तींना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. मुळात आजार नसलेल्यांनाही औषध सोडल्यावर त्रास झाला, हा या अभ्यासाचा अर्थ. दीर्घकाळ गोळी घेतलेल्यांत ही अवस्था दोन महिन्यांहून अधिक काळही टिकू शकते. मात्र ती कायमची नसते.

काय ध्यानात ठेवावे?

सर्वप्रथम, हे वाचून कोणीही गोळी परस्पर बंद करू नये. अन्ननलिकेचा तीव्र दाह, 'बॅरेट' अन्ननलिका अथवा पूर्वी व्रणातून रक्तस्राव झालेला असल्यास, तसेच अ‍ॅस्पिरिन वा वेदनाशामके घेणे भाग असलेल्या अनेक रुग्णांना ही गोळी दीर्घकाळ आवश्यक असते. त्यांच्यासाठी ती बंद करणे जिवावर बेतू शकते.

ज्यांना असे कारण नाही, त्यांनी 'ही गोळी मला आणखी किती दिवस?' हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. अमेरिकेतील जठरांत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार गोळी टप्प्याटप्प्याने कमी करता येते किंवा एकदम थांबवताही येते; पण थांबवल्यावर काही काळ जळजळ होऊ शकते, याची कल्पना रुग्णाला आधी दिलेली असावी. त्या काळापुरते साधे आम्लशामक किंवा एच-२ गटातील औषध घेता येते का, हेही डॉक्टर सांगू शकतात.

गोळी घेण्याची वेळही महत्त्वाची आहे. हे औषध चालू असलेल्या पंपांनाच बंद करते, आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून ती न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते; जेवणानंतर घेतल्यास तिचा परिणाम कमी होतो. वर्षानुवर्षे ती घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी आणि वृद्ध व्यक्तींनी, ब-१२ आणि गरजेनुसार मॅग्नेशियमची तपासणी करण्याविषयी विचारावे. भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकली जाण्यासाठी आहेत, याचाही विसर पडू नये.

गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच ही लक्षणे दिसल्यास आम्लाच्या गोळीवर वेळ काढू नये. छातीतील जळजळीसोबत घाम, धाप किंवा डावा हात अथवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ती 'अ‍ॅसिडिटी' समजणे प्राणघातक ठरू शकते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

उशिरा आणि भरपेट जेवून लगेच आडवे होणे टाळणे, रात्रीचे जेवण झोपेपूर्वी दोन-तीन तास आधी उरकणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे हे उपाय जुनेच आहेत. गोळी थांबवल्यानंतरचे काही आठवडे गॅस्ट्रिन मूळ पातळीवर येण्यासाठी लागतात. तेवढा काळ डॉक्टरांच्या सल्ल्याने धीर धरला, तर वर्षानुवर्षांची गोळी खरोखरच आवश्यक होती की नाही, याचे उत्तर अनेकांना मिळू शकेल.